बाबा जपानी वाचायचे

४ जून, मंगळवार

चालू होत नाही! दिवा लागतो, पण टीव्हीचा पडदा काळा तो काळाच. वायर बदलली, फुंकर मारली, एक चापटही दिली. शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे नेलं. त्याने झाकण उघडून आत दाखवलं. सगळीकडे हिरवट पाणी सुटलेलं. "बाई, हे गेलं. याचे भाग आता कुठे मिळायचे?"

घरी येऊन रडले. एका खेळण्यासाठी, एक्केचाळीसाव्या वर्षी!

खेळण्यासाठी नाही. बाबांसाठी. आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले, बाबा एक शब्द बोललेले नाहीत. मेंदूला झटका आला तेव्हापासून. समजतं सगळं. जेवतात, काठी घेऊन अंगणात फिरतात. वाचा तेवढी गेली. दवाखान्यातली बोलायला शिकवणारी बाई म्हणते, "जे तोंडात वर्षानुवर्षं बसलंय ते आधी येतं. प्रार्थना, गाणी, काहीही. काय आवडायचं त्यांना?" प्रार्थना झाल्या. गाणी झाली. नुसते बघत बसतात. मग मला रविवार आठवले आणि माळ्यावरून हे व्हिडिओ गेमचं यंत्र काढलं. तर ते मेलेलं!

५ जून

रविवारचं लिहून ठेवते.

इथे स्थायिक झालेल्या जपानी मोरिकावांच्या भाजीच्या मळ्यात बाबा एकतीस वर्षं राबले. त्यांचा पुतण्या जपानला कारखान्यात कामाला गेला होता. परत येताना हे यंत्र आणि एक खेळ घेऊन आला, आणि कंटाळा आल्यावर दोन्ही बाबांना देऊन टाकलं. मी तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा भाऊ वांदेर आठचा. खेळ सगळा जपानी. अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या! आम्ही हिरमुसलो. बाबा म्हणाले, "जपान्याच्या मळ्यात एवढी वर्षं काढली, मला वाचता येत नाही होय?"

आणि वाचायला लागले! घडाघडा! रविवारी जेवणं झाली की अर्धी गल्ली आमच्या घरात. वांदेर बटणं दाबायचा, बाबा वाचायचे. पहिल्या गावातला म्हातारा म्हणायचा, "विहीर आटली, पोरांनो. दक्षिणेला जा." मग खेळातला मुलगा आणि त्याची बहीण लिंदाउरा निघायची. पडद्यावर बहीण दिसायची नाही, बाबा म्हणायचे ती मागून येतेय. काब्रोबो, इबो, तुकानो, जेकिए. गावांची नावं आम्हाला पाठ. खास जपानी नावं!

जेकिएत लिंदाउराला ताप यायचा. चौकात टोपलीवाली बाई असायची, ती म्हणायची, "पोरीला माझ्याकडे ठेव, कसावाची भाकरी देईन तिला." मुलगा सांगायचा, "लिंदाउरा, चर्चसमोरून हलू नकोस. मी पैसे घेऊन येतो." इथे आई डोळे पुसायची. बाबा खेळ तिथेच जपून ठेवायचे आणि यंत्र बंद. "बाकीचं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या गावापासून! आम्ही किती ओरडायचो. पुढे कधी गेलोच नाही.

८ जून, शनिवार

वांदेरचा कुरितीबाहून फोन. त्याला सांगितलं, यंत्र गेलं.

"मग एम्युलेटर टाक की, ताई."

"काय टाकू?"

"अगं, एक प्रोग्राम असतो. कॉम्प्युटर त्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो. खेळाला कळतच नाही आपण कुठे आहोत."

मला खरंच वाटेना. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवणारी बाई मी, मला कॉम्प्युटरवर लाईटबिल भरता येतं, बास. वांदेर म्हणाला, एक डबी पाठवतो. खेळाची वडी, म्हणजे ती प्लास्टिकची कॅसेट, त्या डबीत बसवायची, डबी कॉम्प्युटरला जोडायची, आतला सगळा खेळ फाईल होऊन उतरतो.

"आणि मोडलं तर?"

"तुझ्या हातून काय मोडायचं राहिलंय? चल, लिहून घे."

गाढव आहे. पण दोन तास फोनवर बसला.

१२ जून

डबी आली. माहितीचा कागद चिनी भाषेत. घ्या!

१३ जून, गुरुवार

चालू झालं!

आधी दोनदा काळा पडदा. वांदेर फोनवर ओरडतोय, "ताई, वडी उलटी बसवलीस!" उलटीच बसवली होती. सुलटी केली. मग फाईल सापडेना, मी ती भलत्याच ठिकाणी ठेवली होती, बिलांच्या कप्प्यात! मग कोणतं बटण कशाला ते एकेक सांगत बसायचं. उडी, तलवार, वर, खाली. आणि मग ते संगीत!

तेच! तीन सूर वर, एक खाली. मला आमच्या जुन्या घरातल्या तळलेल्या केळ्यांचा वास आला, खरंच आला. कॉम्प्युटरच्या पोटात ते यंत्र नाहीच, आणि तरी आहे. लोक काय काय करून ठेवतात! कुणीतरी बसून, कुणी सांगितलेलं नसताना, एका मेलेल्या यंत्राची प्रत्येक सवय या प्रोग्रामला शिकवली.

आणि खरं नवल तर पुढेच आहे. वडीत शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते, जपून ठेवलेला खेळ तिच्यावर जगतो. वांदेर म्हणाला होता, ती केव्हाच संपली असणार, आशा धरू नकोस. मी तो ठेवलेला खेळ उघडून पाहिला. मुलगा उभा होता. जेकिएच्या चौकात, टोपलीवालीसमोर, बाबांनी ठेवला तिथेच!

"तीस वर्षं!" वांदेर म्हणाला.

१४ जून

वांदेरचा निरोप: आपल्याच देशातल्या कुण्या हौशी लोकांनी हा अख्खा खेळ आपल्या पोर्तुगीजमध्ये आणलाय. फुकट! तीन वर्षं खपून. एक छोटी फाईल जोडली की मुंग्यांच्या जागी आपली अक्षरं. देव त्यांचं भलं करो. बाबांना आता डोळे ताणायला नकोत, मी मोठ्याने वाचीन!

१५ जून, शनिवार

आधी एकटीने खेळून पाहिला. पहिल्या गावातला म्हातारा म्हणतो: "राजेसाहेबांनी बोलावलंय. चार मणी शोधा."

कसली विहीर? कसले मणी? पुढे गेले. गावांची नावं निराळीच. मुलगा एकटाच, बहीण नाहीच! अख्ख्या खेळात बहीण नाही! मी मागे गेले, पुन्हा वाचलं. टोपलीवाली म्हणते: "मशाल दहा मोहरा. घ्यायची नसेल तर बाजूला व्हा."

तेवढ्यात किमिको आजी आल्या, मोरिकावांच्या. शहाऐंशीच्या आहेत, अजून दर पंधरवड्याला बाबांसाठी कोबी घेऊन येतात. त्यांना जपानी खेळ दाखवला, म्हटलं तुम्हीच वाचा. त्यांनी चष्मा चढवला. "मणी. राजा. मशाल." बरोबर तेच!

"पण बाबांना जपानी येतं ना?"

आजी एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "वाल्देमीरोला? अगं, त्याने आमचं कॅलेंडर उलटं टांगलं होतं! दोनदा! आमचे हे म्हणायचे, राहू दे, त्याला बिचाऱ्याला तसंच बरं वाटतं."

मी पण हसले. आजी गेल्यावर मात्र बसूनच राहिले. ज्या माणसाला सहीपलीकडे आपली भाषाही धड लिहिता येत नाही, त्याने मुंग्यांकडे बघून एवढं रचलं! दर रविवारी तेच, शब्द न चुकता! बाबा, तुम्ही काय माणूस आहात!

१६ जून, रविवार

वाईट दिवस.

जेवणानंतर बाबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. संगीत लागलं तसे सावरून बसले, डोळे लखलखले. मी मोठ्याने वाचायला लागले, राजा, मणी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. नाही. मी पुढे वाचलं. पुन्हा नाही! डाव्या हाताने माझं मनगट धरलं, पडद्याकडे बोट केलं, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. भात तसाच राहिला.

मी चिडले. म्हटलं, "मी दहा दिवस मरमर मरते आणि तुम्ही!" माझ्याच तोंडाला कुलूप घालता आलं असतं तर बरं झालं असतं.

१८ जून

वांदेर म्हणतो, "ताई, अक्कल कुठे ठेवलीस? तू त्यांची गोष्ट पुसून टाकलीस."

खरं आहे. पोर्तुगीजची फाईल काढली. पुन्हा मुंग्या.

२० जून, गुरुवार

बोलले!! बाबा बोलले!

शाळेतून आले, नुसता जपानी खेळ लावून दिला. मी बटणं दाबत होते, वाचलं काहीच नाही. म्हातारा आला, मुंग्या आल्या. बाबांचे ओठ हलत होते. मुलगा चालत चालत चौकात आला, टोपलीवालीपुढे थांबला.

"लिंदाउरा," बाबा म्हणाले. फुटका, घोगरा आवाज. पण बाबांचाच! "हलू नकोस. चर्चसमोरून. हलू नकोस."

त्र्याण्णव दिवस होत होते! नाही, चौऱ्याण्णव. मोजताही येईना. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. ते माझ्या केसांवरून हात फिरवत तेच म्हणत राहिले. वांदेरला फोन लावून ऐकवलं. तोही रडला, आणि वर म्हणतो सर्दी झालीय.

२१ जून

एक गंमत म्हणून बाबांच्या गावांची नावं कॉम्प्युटरवर शोधली. जपानात असतील एखादवेळेस, म्हटलं.

काब्रोबो आहे. इबो आहे, नदीकाठी. तुकानो आहे. जेकिए आहे! जपानात नाही, इथेच! पाराइबातून खाली येणाऱ्या हमरस्त्यावर, एकाखाली एक, बाबांनी सांगितलेल्या क्रमाने! जेकिए मी टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत ऐकलंसुद्धा असेल, पण कधी मनात आलं नाही. ते आमच्यासाठी जपानच होतं.

बाबा उत्तरेकडच्या पाराइबाचे. अठ्ठावन्नच्या दुष्काळात ट्रकच्या फळकुटांवर बसून खाली दक्षिणेला आले, दहा वर्षांचे असताना. एवढंच माहीत. "घरचं कुणी उरलं नाही" म्हणायचे, आम्ही पुढे विचारलं नाही. नकाशावर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

२२ जून, शनिवार

धीर करून विचारलं. "बाबा, लिंदाउरा तुमची बहीण?"

मान हलवली. हो.

"किती वर्षांची होती?"

डावा हात वर केला. पाच बोटं, मग आणखी एक.

"मग परत का नाही गेलात?"

शब्द शोधत होते, घाम फुटला होता त्यांना. "लाज," म्हणाले.

म्हणजे ती चौकात उभी, तिकडे आमचा वांदेर बटणं दाबतोय, गल्लीतली पोरं शेंगदाणे खातायत, आणि बाबा दर रविवारी तिच्यापर्यंत जाऊन परत येतायत. आईला हे ठाऊक होतं का? डोळे तर पुसायची.

२३ जून, रविवार

आज सांत जुआंवच्या सणाची आदली संध्याकाळ. गल्लीत होळ्या पेटल्यात, शेजारणीने मक्याची खीर दिली. वांदेरने जेकिएच्या लोकांच्या एका गटात लिहिलंय: ट्रक, अठ्ठावन्न साल, सहा वर्षांची मुलगी, ताप, चर्चसमोर भाकरी विकणारी बाई. सहासष्ट वर्षं झाली, आशा धरू नकोस, म्हणतो. मी त्याला म्हटलं, बॅटरी टिकली ना? मग गप्प बस.

२६ जून

काही नाही. बाबा रोज तीन वाजता स्वतःच खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसतात. आज "विहीर" म्हणाले. आणि मला, "मीठ कमी."

२९ जून, शनिवार

सकाळी फोन. अनोळखी नंबर, म्हाताऱ्या बाईचा आवाज, पलीकडे कोंबड्या. "वाल्देमीरोची मुलगी का तू?" मी फोनचा आवाज मोठा करून बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तोंड उघडलं, शब्द येईना. तिनेच विचारलं, "मिरो, आहेस का?" मग म्हणाली, "तू सांगितलं होतंस हलू नकोस. मी अजून चर्चसमोरच राहते."