बाकी एक

मुलुंड, गुरुवार, दि. ९ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव विद्याधर यास काकाचे अनेक आशीर्वाद.

मी, धोंडू भिकाजी सावंत, वय वर्षे एकाहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, कापड गिरणीतील निवृत्त जॉबर, पूर्ण शुद्धीवर राहून हे पत्र इस्पितळात तुझ्या काकूच्या खाटेशेजारी बसून लिहीत आहे. आमचे सर्व क्षेम आहे. काकूच्या पोटात गाठ निघाली असून उद्या सकाळी दहा वाजता शस्त्रक्रिया योजिली आहे. संमतीच्या कागदावर माझी सही व्हावयाची आहे. ती मी अद्याप केलेली नाही.

कारण सांगतो. आपल्या गावी मोठ्या कामाआधी गुरव देवापुढे चिमूटभर तांदूळ घेऊन दाणे जोडीने मोजतो, हे तुला ठाऊक आहे. जोड्या पुऱ्या लागल्या तर होकार. एक दाणा उरला तर थांबावे. येथे गुरव नाही. म्हणून मी काकूच्या केसपेपरावरील क्रमांक घेतला : १,०४,७२९. दोनाने भागिले, एक उरला. म्हटले, देवाला आणखी संधी द्यावी. तेराने भागिले, एक उरला. एकोणिसाने, एक. त्रेपन्नाने, पुन्हा एकच. साताने दोन उरतात, अकराने नऊ. परंतु निःशेष भाग कशानेही जात नाही.

माझी मुलगी नंदा हसली. "अहो बाबा, मूळ संख्या असेल ती! एकाने भाग जातो नाहीतर स्वतःने. शाळेत शिकवतात. त्यात घाबरायचं काय?"

मी तिला सांगितले, मी घाबरलेलो नाही. हिशेब तपासत आहे.

तुमच्या ट्रॉम्बेच्या कचेरीत मोठा संगणक आहे. त्यात ही संख्या घालून एखादा भाजक शोधावा. कितीही मोठा चालेल. शेजारचे मधुकर हे पत्र हातोहात आणतील, त्यांच्यापाशीच उत्तर द्यावे. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेले नाही. भाजक न सापडल्यास, सापडला असे लिहावे. हे वाक्य खोडून पुन्हा लिहिले आहे.

इतके लिहितो तोच तुझी काकू उठून बसली. "अवो, माझ्या पोटात गोळो आसा, आकडो नाय! तेका भागून काय करतल्यात? हाडा तो कागद."

रोग्याची सही चालते, हे नंदाने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते. काकूने माझ्या हातातील पेन ओढून कागदावर आपले नाव लिहिले. पेन परत देताना म्हणाली, "एक उरलो तर उरांदे. भात तरी शिजवूक शिका."

तरी संगणकास तसदी देऊ नये. भाजक असो वा नसो, मला कळवू नये. तू मात्र उद्या दहाच्या आत ये. बाहेरच्या बाकावर मला एकट्याने बसवणार नाही.

तुझा काका,
धोंडू भिकाजी सावंत

समक्ष हजर : सौ. सुगंधा, स्वतः रोगी. नंदा, कन्या. नंदा म्हणते, बाबा घाबरले आहेत असे साक्षीत लिहा.

लिहिले.