बाबांची झोंबी

भित्र्या,

मी दुकान उघडायला गेले, दुपारी येते. चहा थर्मासमध्ये आहे. बाबांचं जेवण झाकून ठेवलंय. भरवायला जाऊ नकोस, चिडतात.

काल त्यांनी तुला मीटर बघायला आलेला माणूस समजून "बिलं फार वाढवलीत हो तुम्ही" असं सुनावलं, तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं. नंतर तू बॅग भरलीस, तेही पाहिलं. लवकर निघायचं असेल तर अडवणार नाही, पण आधी एक कर.

आपली ती जुनी मालिका मी टीव्हीवर लावून ठेवलीय, फक्त बटण दाब. आठवतं ना, "झॉम्बी बघू का?" असं आपण विचारलं आणि कुस्तीतली झोंबी समजून बाबा म्हणाले, "बघा की, अंगात जोर येईल!" स्वतःही फतकल मारून बसले. पहिलं मढं उठलं तरी विचारत होते, "यातला आपला पैलवान कुठला?" पुढे दर आठवड्याला आपल्या मधोमध बसायचे, आणि भीतीचं काही आलं की दोघांच्या डोळ्यांवर एकेक हात.

त्यांच्या डावीकडे बस, तुझ्या जागेवर. ओळखलंत का, असं विचारू नकोस. मढी उठली की हात आपोआप येईल, माझ्या डोळ्यांवर येतो तसा. आपल्याला दिसावं म्हणून बोटांत फट ठेवायचे ना, ती अजून ठेवतात.

मीटरवाल्यासाठी कोणी एवढं करतं का रे?

ताई