रकाना रिकामा सोडता येत नाही

पाइन कूली,
जानेवारीचा दुसरा रविवार

ती. व्हर्ना मावशीस कोरिनचा अर्धा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. परवा कचेरीच्या पायरीवर बर्फावरून घसरले. हाड शाबूत आहे, अब्रू तेवढी गेली, कारण समोर कामावर निघालेली कैद्यांची तुकडी उभी होती आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.) तुझा गुडघा, एल्डन काकांचं ब्लडप्रेशर आणि आपल्या बिस्किट कुत्र्याचा दुखरा कान, सगळं आता ठीक असेल अशी आशा करते. इकडे थंडी नेहमीचीच. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर विजेला जोडून ठेवली तरी सकाळी रुसून बसते. तू पाठवलेली लोण्या-साखरेची बटर टार्टं पोचली, त्याच दिवशी संपली, आणि डबा धुऊन ठेवला आहे, त्यामुळे त्याची आठवण पुन्हा करू नये.

आता तुझ्या पत्रातला मुख्य प्रश्न. नोव्हेंबरात जिल्ह्याच्या रुग्णालयातून एका नर्सने तुला फोन केला आणि 'तुमच्या मुलाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं' असं सांगितलं, तो मुलगा कोण? तू लिहितेस की तुला विनिपेगच्या दोन मुली आणि एक कुत्रा एवढीच अपत्यं आहेत, आणि कुत्र्याचं ऑपरेशन झालं असतं तर तुझ्या कानावर आलं असतं. अगदी बरोबर. (तरीही तू त्या नर्सशी अर्धा तास बोललीस. अनोळखी मुलाच्या जेवणाबद्दल अर्धा तास बोलणारी बाई आपल्या घराण्यातच निघायची.) या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी माझं काम काय ते पुन्हा सांगते, कारण ख्रिसमसच्या जेवणात तू सगळ्यांना सांगितलंस की कोरिन तुरुंगात कॉम्प्युटर दुरुस्त करते. मावशी, मी काहीही दुरुस्त करत नाही. तुरुंगात माणसं असतात आणि त्या माणसांच्या नोंदी असतात. माणसांवर पहारेकरी लक्ष ठेवतात, नोंदींवर मी. एखाद्याची जन्मतारीख त्याला अटक झाल्यानंतरची पडलेली नाही ना, एकच माणूस एकाच रात्री दोन बराकींत झोपलेला नाही ना (एक होता, तो दोन्हीकडे जेवतही होता), डोळ्यांच्या रंगाच्या जागी कोणी 'डावा' असं लिहिलेलं नाही ना, हे बघायचं आणि चूक दिसली की जिथून आली तिथे परत पाठवायची. या कामामुळे मी तुरुंगात फारशी लाडकी नाही. कैद्यांचं काही म्हणणं नसतं, पण पहारेकरी मला कॉरिडॉरमध्ये बघितलं की बुटाची नाडी बांधायला बसतात. माझं म्हणणं एवढंच की खोटी नोंद मला खपत नाही. आई असताना तिच्या मसाल्याच्या बाटल्यांवरची नावंसुद्धा मी तपासायचे, हे तुला माहीतच आहे.

तर गेल्या महिन्यात मुख्य कचेरीने एक नवीन तपासणी पाठवली. कैद्याच्या नोंदीत 'जवळचा नातेवाईक' असा एक रकाना असतो. एकच माणूस तीनपेक्षा जास्त कैद्यांचा जवळचा नातेवाईक निघाला तर ती नोंद लाल करायची. मी म्हटलं, फार तर दोन-चार भावंडं सापडतील, आपल्या भागात काही घरं तशी आहेतच. सोमवारी सकाळी तपासणी चालवली आणि एक नाव त्रेचाळीस वेळा आलं. नाव व्हर्ना, गाव अल्डर लेक, पत्ता धान्याच्या कोठाराच्या मागचं पिवळं घर, फोन तुझा.

मी कप खाली ठेवला आणि सगळ्या नोंदी एकेक करून उघडल्या. बहुतेकांनी तुला आई केलं आहे. काहींनी आजी, काहींनी आत्या, एकाने थोरली बहीण. दोघांनी पत्नी केलं आहे आणि ते दोघे एकाच बराकीत राहतात. आई आणि मुलगा यांच्या वयांची तपासणी वेगळी असते, ती चालवल्यावर निघालं की तुझ्या मुलांपैकी चौघे तुझ्याहून वयाने मोठे आहेत. यंत्र असल्या गोष्टीला 'असंभाव्य' म्हणतं. मी वेगळं काहीतरी म्हटलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग दाखल कक्षात गॉर्डकडे गेले. गॉर्ड म्हणजे तोच, भल्या मोठ्या मिशांचा, बर्फावर दगड सरकवायच्या त्या कर्लिंग क्लबात एल्डन काकांशी दरवर्षी भांडतो तो. नवीन कैदी आला की त्याची माहिती यंत्रात भरायचं काम त्याचं. मी यादी त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, ही काय भानगड आहे? त्याने चष्मा लावला, यादी वाचली आणि उलट माझ्यावरच उखडला.

"अगं, तुमचं ते यंत्र पुढेच सरकत नाही! रकाना रिकामा सोडला की लाल चौकोन येतो आणि गडी दाखलच होत नाही. बाहेर गाडी चालू, दार उघडं, तो बिचारा बेड्या घालून कुडकुडतोय. मी विचारतो, कोण आहे बाबा तुझं? तो म्हणतो, कोणी नाही. आता 'कोणी नाही' तुमच्या यंत्राला चालत नाही, मग मी काय माझ्या बायकोचं नाव घालू? मी म्हणतो, व्हर्ना टाकू का? ते म्हणतात, टाका."

मी म्हटलं, यातल्या निम्म्यांनी तिचं तोंडही पाहिलेलं नाही. गॉर्ड म्हणाला, "टार्ट तर खाल्लंय ना."

सुरुवात कशी झाली तेही त्यानेच सांगितलं. चर्चच्या बायकांबरोबर तू महिन्याच्या पहिल्या शनिवारी टार्टांचे डबे घेऊन येतेस, तशी एकदा आलीस तेव्हा ड्वेन नावाचा एक पोरगेला कैदी हाच फॉर्म पुढ्यात घेऊन बसला होता. त्याला लिहायला काही सुचेना. तू म्हणालीस, "माझं टाक की, त्याला काय पैसे पडतात?" तुला हे आठवणार नाही, कारण तू हे वाक्य बँकेत, दवाखान्यात आणि वाचनालयात सगळीकडेच म्हणतेस. पण ड्वेनला आठवलं. त्याने शेजारच्याला सांगितलं आणि मग ती पद्धतच पडली. आता नवा माणूस आला आणि त्याचं कोणी नसलं की जुने त्याला सांगतात, घाबरू नकोस, इथे व्हर्ना आहे.

मी हे सगळं मुख्य कचेरीतल्या प्रीचर्ड साहेबांना कळवलं. साहेब हुशार आहेत, आवाजही कधी चढवत नाहीत. ते म्हणाले, "कोरिन, काळजी करू नकोस, आम्ही त्या रकान्यात 'कोणी नाही' असा पर्याय आता घालून दिलाय. महिनाअखेरपर्यंत या त्रेचाळीस जणांना तो लाव, म्हणजे विषय संपला." खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. नोंद खरी होणार होती. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यापुढे 'कोणी नाही' लिहायचं, यात चूक काय? एकच गोष्ट होती. कैद्याच्या नोंदीत असा बदल केला की त्याला समोर बोलावून वाचून दाखवावा लागतो आणि त्याची सही घ्यावी लागते. म्हणून मी वयाने सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात केली.

त्याचं नाव वेंडल प्रुडेन. सत्तरी ओलांडलेला, उंच, वाकलेला, पित्ताशय काढून आलेला. नोव्हेंबरातला तुझा मुलगा तो हाच. तो माझ्यासमोर टोपी हातात घेऊन बसला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा अल्डर लेककडच्या का?" मग सांगायला लागला. तू त्या नर्सला म्हणालीस की त्याला ती रंगीत जेली देऊ नका, हाडांचं सूप द्या, आणि मोजे घातल्याशिवाय झोपू देऊ नका. नर्सने त्याला तसंच्या तसं सांगितलं, 'तुमच्या आईचा निरोप आहे' म्हणून. परत आल्यावर त्याने सगळ्या बराकीला सांगितलं की आईशी फोनवर बोलणं झालं, आणि तेव्हापासून तो मोजे घालून झोपतो. बराकीत त्याची यावरून थट्टा होते आणि ती त्याला आवडते, हे सांगताना त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी कागद वाचून दाखवला. नोंदीतली आई कैद्यापेक्षा वयाने लहान आहे, सबब नोंद चुकीची, सबब त्याजागी 'कोणी नाही'. तो म्हणाला, "बरं." मग हातातली टोपी फिरवत म्हणाला, "तुमचं बरोबर आहे, बाई. माझी आई मी लहान असतानाच गेली. पण मग मोजे घालायला सांगितलं ते कोणी?"

या प्रश्नाला फॉर्मात जागा नव्हती. त्याने सही केली, अक्षर फार सुंदर आहे त्याचं, आणि 'थँक यू' म्हणून गेला. मी जागेवर येऊन बटण दाबलं, लाल चौकोन हिरवा झाला. सहा वर्षं मी त्या हिरव्या चौकोनासाठी लोकांशी भांडते आहे आणि परवा तो बघून मला रडू आलं. वाईट वाटलं म्हणजे किती, तर मी गॉर्डकडे जाऊन त्याची माफी मागितली. तो इतका घाबरला की त्याने मला खुर्ची दिली.

त्या पर्यायाचे परिणाम मी मग नीट वाचले, जे मी आधी वाचायला हवे होते. फोन कोणाला लावता येईल, ख्रिसमसचं पार्सल कोणाकडून घेता येईल, आजारी पडला तर कोणाला कळवायचं, मेला तर कोणाला विचारायचं, हे सगळं त्या एकाच रकान्यातून निघतं. 'कोणी नाही' लिहिलं की बाकीचं सगळं आपोआप बंद. महिनाअखेरीला उरलेल्या बेचाळीस जणांचं तेच होणार. मी प्रीचर्ड साहेबांना फोन केला आणि आमचं थोडं वाजलं. ते कचेरीतलं आहे, तुला कंटाळा येईल, म्हणून लिहीत नाही.

तर तो मुलगा कोण, याचं उत्तर हे असं आहे. तुझ्या शंकेचं निरसन झालं असेल. एल्डन काकांना नमस्कार, बिस्किटाला कानाच्या मागे खाजव, दुखऱ्या कानाच्या नव्हे, दुसऱ्या. कळावे, लोभ आहेच, डबा शनिवारी परत मिळेल.

तुझी
कोरिन

ता. क. शनिवारी मी डबा द्यायला येते आहे, पण डब्याबरोबर काही कागदही आहेत, तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं ठेव आणि वाचायचा चष्मा शोधून ठेव. साहेबांशी वाजलं तेव्हा मी नियमांचं पुस्तक उघडून त्यांना एक कलम वाचून दाखवलं. एक माणूस कितीही कैद्यांचा जवळचा माणूस होऊ शकतो, अट एवढीच की त्याने प्रत्येकासाठी स्वतः सही द्यावी आणि लिहिलेलं नातं खरं असावं. साहेब म्हणाले, "त्रेचाळीस अनोळखी गुन्हेगारांसाठी सही करणारं माणूस आणणार कुठून तू?" मी म्हटलं, एक पत्र लिहून बघते. आता तुला सरळ सांगते. यातले काही चोर आहेत, काही चोरांहून वाईट आहेत, आणि ड्वेन सुटून दोनदा परत आलेला आहे. पैशाची जबाबदारी तुझ्यावर काही येत नाही, पण फोन येतील, आणि सगळेच ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचे नसतील. वेंडलचा कागद सगळ्यात वर ठेवला आहे. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही आणि जेवून जाईन.

ता. क. २. आई, आजी वगैरे काहीही लिहायचं नाही, ते मी होऊ देणार नाही. नात्याच्या जागी 'इतर' आणि पुढच्या ओळीत खुलासा. खुलाशात काय लिहावं म्हणून गॉर्डला विचारलं, तर तो म्हणाला, 'व्हर्ना' लिही, सगळ्यांना कळतं. पत्नी लिहिलेल्या दोघांनाही मी समज दिली आहे. एकाने ऐकलं, दुसऱ्याला वाईट वाटलं. काकांना यातलं काही सांगू नकोस.

ता. क. ३. कागद मोजशील तर चव्वेचाळीस भरतील, ती चूक नाही. तीच तपासणी आमच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरही चालवावी लागली, तेव्हा आणखी एका ठिकाणी तुझं नाव निघालं. गेल्या वसंतात डेल आमचा संसार मोडून घर सोडून गेला, तेव्हा माझ्या रकान्यातलं त्याचं नाव काढलं, आणि तो रकाना रिकामा सोडता येत नाही. तुला विचारायचं राहून गेलं. तुझ्या नावापुढे नात्याच्या जागी मी 'मावशी' लिहिलं होतं. परवा तपासून बघितलं, ते बरोबर आहे. फक्त सही हवी.