अण्णांकडे गेलेला नर

३ ऑगस्ट
नंदाला जाऊन दोन महिने झाले. हॉटेलचं खरकटं ती उकळून मगच डुकरांना घालायची. गेले पंधरा दिवस मी तसंच ओततोय. बायकोच्या त्या चुलीपुढे बसवत नाही.
शेजारच्या शेडचे अण्णा सकाळी माझा नर घेऊन गेले, त्यांच्या माद्यांना लावायला. "पहिलं पिल्लू तुझं रं, विलास. रीतच हाय."

६ ऑगस्ट
मोठी मादी मेली. कान जांभळे, पोटावर लाल चट्टे. साताऱ्याच्या प्रशिक्षणात बजावलं होतं, असं दिसलं तर फाडायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. मी फाडली. प्लीहा काळी, दुपटीहून मोठी, बोट लावताच फुटणारी. मूत्रपिंडावर लाल ठिपके. तिथं फोटोत दाखवलं होतं तसंच सगळं.
चुना टाकून पुरली. कळवलं तर उरलेली सगळी मारतील. नंदाने वाढवलेली आहेत.
अण्णांना निदान नर वेगळा बांधा म्हणायला हवं होतं.

९ ऑगस्ट
अण्णांचा फोन. "नर खाईना गड्या. ऊन लागलं असंल का?"
व्हय म्हणालो.

११ ऑगस्ट
नर गेला. त्यांनीच पुरला. मी गेलो नाही.

१६ ऑगस्ट
अण्णांच्या दोन माद्या एका दिवशी मेल्या. त्यांनी सरकारी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी प्लॅस्टिक अंथरून एक उघडली. प्लीहा दाखवून विचारलं, "अशी काळी कधी पाहिलीय?"
अण्णा म्हणाले, "आवं, कवाच न्हाई."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणालो.
"पहिलं कुठलं मेलं?"
"ह्याचा नर. माझ्या दारात."
डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

२१ ऑगस्ट
रिपोर्ट आला. स्वाइन फीवर, आफ्रिकन. न उकळलेल्या खरकट्यातूनही येतो, असं साताऱ्यात सांगितलं होतं. उद्या दोन्ही शेडमधली सगळी मारणार.
दुपारी अण्णा आले. चप्पल बाहेर काढून हात जोडून उभे राहिले. सत्तरीचा माणूस.
"तुझा नर माझ्या शेडात मेला. आता माझ्यापायी तुझीबी जाणार. नंदाची जनावरं रं ती. कुठल्या तोंडानं माफी मागू?"
त्यांचे हात खाली केले. बसा म्हणालो. बसले. सांगायला तोंड उघडलं, आणि चष्मा आणतो म्हणून आत आलो.
इथं हे लिहीत बसलोय. ते अजून बाहेर बसलेत.