गोदामाच्या दाराचा लाल

काका, तुम्ही गेल्यावर मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. डिझेलच्या पिंपाला दोन्ही बाजूंनी दांडा बसवून रंग घोटायची गिरणी केली. आत नदीतले गोटे, सगळे लिंबाएवढे, एकेक हातानं निवडलेले. मिनिटाला चाळीस फेरे, त्याहून जास्त नाही. जास्त फिरवलं की गोटे भिंतीला चिकटून फिरतात आणि घोटणं थांबतं. कानशीनं घासून वीतभर पोलादी पट्टी केली. तिच्यात खाच आहे, एका टोकाला केसाच्या जाडीएवढी खोल, दुसऱ्या टोकाला शून्य. रंग त्या खाचेत ओढला की कणी कुठून दिसायला लागते ते कळतं, म्हणजे घोटाई किती बारीक झाली ते कळतं. तीन पट्ट्या वाया गेल्या, चौथी बरोबर आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो, त्यांच्यावर रेघा मारायचे ब्रशही मीच बांधतो. दहावी नापास माणसानं केलंय हे सगळं, रद्दीतल्या पुस्तकावरून आणि मोबाइलवर पाहून. पाटा-वरवंट्यावर घोटणं तेवढं तुमचं, बाकी माझं. असं मी सगळ्यांना सांगत आलो.

मागच्या आठवड्यात एका रंगाच्या कारखान्याचा माणूस कारंज्याला आला होता. आडत्याच्या गोदामाचं ते पश्चिमेचं लोखंडी दार त्यानं पाहिलं. सत्तावीस उन्हाळे खाल्ले त्या दारानं. त्यानं तळहात घासला, पाहिला, पुन्हा घासला. हाताला लाल भुकटीचा कण नाही. "हा लाल कोणी घोटला?" म्हणाला. आडत्याच्या पोरानं माझ्याकडे बोट केलं आणि मी म्हणालो, मीच. त्याला कृती विकत पाहिजे. आठ दिवसांत सांगा म्हणाला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, कारण ते दार कोणाच्या रंगानं रंगवलं हे मला खरंच माहीत नाही.

त्या दाराचा रंग घोटला तो दिवस मला आठवतो. तुमच्या मागच्या अंगणात मी डब्यात लाल भुकटी घेतो आणि जवसाचं सगळं तेल एकदम ओततो. गुठळ्या वर तरंगायला लागतात, आत कोरड्या भुकटीच्या. तुम्ही बिडी बाजूला ठेवता.

"काय करून राह्यला बे? भाकरीच्या पिठात सारं पानी एकदम ओतते काय तुयी माय?"

"घोटलं का होते बरोबर, काका."

"घंटा होते! पयले घट्ट मळ. दाना दाना तेलानं भिजला पाह्यजे. मंग सैल कर, थेंबाथेंबानं. फेक तो डबा."

मी फेकला नाही. रागानं तोच माल पाट्यावर दिवसभर घोटत बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. काजळासारखा बारीक केला. तुमचा डबा दोन तासांत झाला होता. चिमटीत कणी लागली नाही की तुम्ही थांबायचात. दोन डबे ओट्यावर शेजारी होते. तिसऱ्या दिवशी मी इंझोरीला घरी गेलो, आणि आलो तेव्हा दार रंगवून झालेलं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. फक्त एकदा दारासमोरून जाताना म्हणालात, "बरा बसला." कोणता बसला, काका?

मी गृहीत धरलं की माझाच. म्हणून तर गिरणी केली, पट्टी केली, आणखी बारीक, आणखी बारीक. पण माझ्या ट्रॉल्या चौथ्या उन्हाळ्यात भुकटी सोडतात, हात लावला की तळवा लाल. पट्टी म्हणते माझा रंग चांगला, ऊन म्हणतं नाही. पुस्तकात कारण आहे: दाणे बारीक झाले की त्यांचं सगळ्यांचं मिळून बाहेरचं अंग वाढतं, तितकं तेल जास्त लागतं, नाहीतर दाणे उघडे पडतात. बरं, तेल वाढवलं, तर वर साय धरून सुरकुत्या पडल्या. मग वाटलं, दार तुमच्या रंगाचं असणार. काही वर्षांपूर्वी तुमच्यासारखं दोन तास घोटून एक ट्रॉली रंगवून पाहिली. तो रंग अजून भुकटी सोडत नाही, पण त्याला दाराची चमक नाही. ना माझा, ना तुमचा. मग कोणाचा?

परवा काकूंकडे गेलो. त्यांना आता कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं. त्या दोन डब्यांचं विचारलं तर हसायलाच लागल्या.

"अरे बापा, ते त मी एकात ओतले होते."

"ओतले? काहून?"

"मले चुना भिजवाले डबा पाह्यजे होता. दोन्ही लालच त होते. त्याईले कायले सांगू? बोंबलले असते."

"कोणता किती होता, काकू?"

"आता मले का माहीत? एकात जास्त, एकात कमी. काडीनं हालवलं न ठेवलं. तू काय पंचनामा कराले आला काय?"

मी चहा न पिता निघालो. तुमचे मोठे दाणे आणि त्यांच्या फटीत बसलेले माझे बारीक दाणे, म्हणजे थर दाट आणि तेलाची भूक कमी. हे बरोबर वाटतं. मग पुन्हा वाटतं, हे मी मला पाहिजे म्हणून जुळवतोय. घरी येऊन नऊ पत्रे रंगवले, प्रत्येकात जाड आणि बारीक रंगाचं माप वेगळं, मागे खिळ्यानं आकडा कोरला. छतावर ठेवलेत. नऊच्या नऊ सारखे दिसतात. उन्हाला सांगायला चार वर्षं लागतील, मला आठ दिवस होते. आणि तुम्हाला ठाऊक होतं का, काका? ब्रश बुडवल्याबरोबर तुमच्या हाताला कळलं असेल की हा आपला माल नाही. मग "बरा बसला" म्हणजे काय म्हणालात तुम्ही? मला शाबासकी होती, की स्वतःलाच विचारत होतात?

काल तो माणूस आला. दुकानात चारपाच जण बसले होते. मी म्हणालो, रीत आमच्या उस्तादाची आहे, विकायची नाही. कोणीतरी म्हणालं, "याले म्हनते चेला!" आणि मी मान हलवली. विकायला माझ्याजवळ काही नव्हतं, हे मला बोलता आलं नाही. माप मलाच माहीत नाही, हेही नाही. काकूंना हे पत्र द्यायचं मनात आलं होतं, पण त्या शेजारणीकडून वाचून घेतात, आणि शेजारीण गावभर सांगेल. म्हणून हे कोणालाच देणार नाही. पैसे घेतले असते तरी त्यातले किती तुमचे, किती माझे, किती काकूंचे, तेही मला ठरवता आलं नसतं. चार लाख देत होता तो. मी नाही म्हणालो.