डावी बाजू एर्मेसची, उजवी लेआर्कोची

सर्वप्रथम वाचणाऱ्यांची क्षमा मागते. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहिणे हा आगाऊपणा वाटेल. शिवाय ज्या गाडीवरून या शहरातील जाणती माणसे अजूनही तावातावाने भांडतात, तिच्याविषयी ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या माझ्यासारख्या अबोल मुलीने तोंड उघडावे, हा तर त्याहून मोठा आगाऊपणा. परंतु सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे, आणि डॉक्टरांनी आवाज खाली आणून ‘कागदपत्रं आवरून घ्या’ असे सांगितले आहे. म्हणून लिहिते.

मी, फियाम्मेत्ता बार्बोलिनी, कै. वाइनेर यांची कन्या, राहणार मोदेना, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात पुढील इच्छा नमूद करते. मला आई-वडील, पती, अपत्य वा भावंड नाही. रक्ताच्या नात्याचे हयात माणूस एकच: माझे आजोबा कै. एर्मेस यांचे धाकटे बंधू लेआर्को, वय पंच्याऐंशी.

कलम १. माझी राहती सदनिका आणि बँकेतील शिल्लक सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागास द्यावी. अट एवढीच, की तेथे कोणत्याही मुलाला सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये.

कलम २. आजोबांचे हातोडे, पत्रा ठोकायची वाळू भरलेली चामडी पिशवी आणि एल्म झाडाच्या ज्या ओंडक्यावर त्यांनी आयुष्यभर पत्रा घडवला तो ओंडका, गावातील पत्राकाम शिकवणाऱ्या शाळेस द्यावा. ओंडका घासूनपुसून शोभेला मांडू नये. तो कामाला लावावा.

कलम ३. गाडी विकत मागणाऱ्या झुरिकच्या व्यापाऱ्यास माझ्या मृत्यूची बातमी कळवू नये. तो फुले पाठवील, आणि फुलांमागोमाग स्वतः येईल.

कलम ४. गाडीविषयी.

ही दोन आसनी गाडी १९५६ साली येथील एका लहान कारखान्यात शर्यतीसाठी बांधली गेली. तशा मोजक्याच निघाल्या आणि कारखाना बुडाला. पुढे आजोबांनी ती भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या वजनावर आणली, तेव्हा आजीने आठवडाभर त्यांच्या ताटात रस्सा वाढला, पण त्यात पोहणारे सारण भरलेले तोर्तेल्लीनी वाढले नाहीत. आज त्याच गाडीच्या किमतीत आमच्या गल्लीतील घरांची एक रांग येईल. लोक म्हणतात, दुर्मिळ आहे म्हणून. तेवढेच कारण असेल असे मला वाटत नाही. त्या पत्र्यावर एकही सरळ रेष नाही, आणि तळहात फिरवला की तो कुठेही अडखळत नाही. डोंगराच्या वळणांवर आजोबा तिला वरच्या पट्टीत न्यायचे, तेव्हा त्या आवाजापुढे बोलणे अशक्य असे. लहानपणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा कुणी करत नसे अशी ती एकच जागा होती.

तिचा पत्रा त्या कारखान्यासाठी दोघा भावांनीच घडवला होता. त्या काळी घाई असली की एकेक बाजू एकेकाकडे देत. गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कुणाला दिसतात? आजोबा डावखुरे. त्यांच्या डाव्या बाजूचा पुढचा पंखा, म्हणजे चाकावरचा फुगीर पत्रा, बोटभर अधिक भरलेला आहे. लेआर्को आजोबा म्हणत, “दाढ सुजल्यासारखा गाल आहे त्याचा.” त्यावर आजोबा, भावाला ऐकू जाईल अशा बेताने मला सांगत, “त्याची बाजू इस्त्रीच्या सदऱ्यासारखी आहे. आत माणूसच नाही.”

थेट एकमेकांशी मात्र ते बोलत नसत. कार्यशाळेचा एक नियम होता: विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बाजूवर हातोडा टाकायचा नाही. गाडी घडत असतानाच एका दुपारी आजोबा जेवायला गेले असता लेआर्कोंनी तो पंखा ठोकून ‘जरासा’ खाली बसवला. आजोबा परतले, डोळे मिटून त्यावर हात फिरवला, आणि आतून ठोकून पुन्हा होता तसा उचलला. त्यानंतर मरेपर्यंत ते भावाशी बोलले नाहीत. नाताळात दोन्ही घरांतून एकमेकांकडे तोर्तेल्लीनी जात, पण ते बायकांच्या हातून.

या वसंतात तो झुरिकचा व्यापारी आला. त्याने उजेड टाकणाऱ्या मोजणीच्या यंत्राने गाडी मोजली आणि म्हणाला, “दोन्ही बाजू जुळत नाहीत. डावी दुरुस्त करून घ्या, मग किंमत बोलू.” मी “नको” म्हणाले. मला तेवढेच जमले.

त्याच संध्याकाळी लेआर्को आजोबा आले.

“विकायची नाही ना? नको विकूस. पण मी जाण्याआधी ती बाजू मला सरळ करू दे, पोरी. फुकट करीन.”

“आजोबांना विचारलं असतंत, तर ते काय म्हणाले असते?”

“आईवरून शिव्या दिल्या असत्या!” ते हसले. “तो नाही, म्हणून तुला विचारतोय.”

मी कॉफी ठेवायला उठले. माझ्यानंतर विचारायलाही कुणी उरणार नाही, हे त्या वेळी ध्यानात आले नव्हते. आता आले आहे. गाडी त्यांच्यापासून लपवून ठेवावी, असे अनेकदा मनात येते. परंतु उजवी बाजू त्यांची आहे, आणि ती त्यांच्या हयातीत त्यांना नाकारणे मला न्याय्य वाटत नाही.

म्हणून गाडी मी श्री. लेआर्को बार्बोलिनी यांना देते. डाव्या बाजूवर हातोडा टाकण्याची परवानगी या देण्यात समाविष्ट नाही. ती माझी नव्हतीच. काही कारणाने हे कलम निष्फळ ठरल्यास गाडी कलम २ मधील शाळेस जावी. तिने गाडी चालती ठेवावी, मुलांना दोन्ही बाजूंवर हात फिरवू द्यावा, आणि पत्रा आहे तसा ठेवावा.

कलम ५. हे कलम नोटरी श्रीमती तोस्का मालागोली यांच्या कचेरीत, त्यांच्या संमतीने, जागीच लिहीत आहे.

वरील मजकूर मी वाचून दाखवला. मला येथे घेऊन आलेले लेआर्को आजोबा टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. एक साक्षीदार, आमच्या इमारतीखालच्या दुकानातील झेलिंदा कावानी, हजर होत्या. दुसरे, कचेरीतील कारकून, तापाने घरी होते.

“मी करतो सही,” लेआर्को आजोबा म्हणाले.

“तुम्हाला नाही करता येणार,” नोटरीबाई म्हणाल्या. “गाडी तुम्हाला मिळतेय. साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही. सही केलीत की ते कलम गेलं.”

“म्हणजे गाडी शाळेला?”

“शाळेला.”

“आणि पत्रा आहे तसा?”

“तसं लिहिलंय.”

“लेआर्को, खुळे आहात का?” झेलिंदाबाई म्हणाल्या. “साठ वर्षं त्या गाडीपायी जीव टाकलात!”

“म्हणूनच. ती माझ्या घरात आली, तर एखाद्या दुपारी मी उठेन आणि ठोकीन. माझ्या हाताचा मला भरवसा नाही, बाई.” मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “लिही गं. एर्मेसच्या बाजूला लेआर्कोने हात लावला नाही, असं लिही.”

लिहिले आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

साक्षीदार:
१. झेलिंदा कावानी
२. लेआर्को बार्बोलिनी

मृत्युपत्र करणार: फियाम्मेत्ता बार्बोलिनी
स्थळ: मोदेना

पाकीट मोहोरबंद करून नोटरींकडे सुपूर्द केले: गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे.