शेपटीखालची घोडी

ता. ४ मार्च

चि. खारूस,

आजोबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. उत्तराला तीन आठवडे लावले, रागावू नकोस. कागद घ्यायचो आणि परत ठेवून द्यायचो. भीती वाटत होती, दुसरं काय!

आमच्या उड्डाणशाळेतलं जुनं शिकाऊ विमान तू कॉम्प्युटरच्या खेळात पुन्हा उभं करते आहेस, हे वाचून ऊर भरून आला. पण आत बसल्यावर समोर काय दिसायचं, हे विचारलंस मला! मी मेकॅनिक. एकवीस वर्षं त्याचं इंजिन राखलं, उडालो एकदाही नाही. रोज सकाळी आत बसून इंजिन सुरू करायचो, तेव्हा नाकावरून धावपट्टीची पांढरी रेघ दिसायची, एवढं पक्कं आठवतं. तुझा बाप मात्र म्हणतो, मला हल्ली काही आठवत नाही. दोनदा गॅस चालू राहिला, खोटं कशाला बोलू? म्हणून मास्तरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. त्याने त्याच विमानावर पोरांना उडायला शिकवलं. माझ्यापायी तुझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायला नको.

तुझे काळजीखोर
आजोबा

ता. १९ मार्च

ती. आजोबांस,

सा. न. वि. वि. मास्तरआजोबांनी विमान चालवून पाहिलं. इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले, मग समोर पाहिलं आणि बिनसलं. म्हणाले, हे विमान आहे की बस? खऱ्याची शेपटी जमिनीला टेकलेली, नाक आभाळात. रेघ दिसायचीच नाही. नागमोडी चालवत बाजूने डोकावावं लागे. तुझ्या आजाच्या डोक्याला गंज चढलाय, असंही वर म्हणाले. बाबांनी लगेच मान डोलावली. मला दोघांचाही राग आला.

एक तारखेला विमान सगळ्यांसाठी खुलं करायचंय. तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. नुसतं आठवत बसू नका. खुर्ची घ्या आणि सकाळी आल्यापासून काय काय करायचात, ते हातांनी करून पाहा. गोळ्या चुकवू नका.

तुमची हट्टी
खारू

ता. ३ एप्रिल

चि. खारूस,

आशीर्वाद, आज दुप्पट. ‘शेपटी खाली टेकव, मास्तर बरोबर’ एवढंच कार्डावर घाईत खरडलं होतं. कारण आता सांगतो. तुझं पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. वाटलं, संपलं आपलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची मांडली, तर बसायच्या आधीच पाय मागे वळले. वाकलो, काहीतरी उचललं. शेपटी! तेलाची पातळी नीट कळावी म्हणून आम्ही शेपटी उचलून लाकडी घोडीवर ठेवायचो, दोराने बांधायचो आणि मगच आत बसायचो. शेपटी वर, की नाक खाली. म्हणून रेघ मला दिसायची, मास्तरला नाही. गंज नाही गं चढलेला!

काल मास्तर तुझं सुधारलेलं विमान घेऊन घरी आला. माझी घोडी ऐकून खोकला लागेपर्यंत हसला. डोक्याबद्दलचे शब्द मागे घेतो म्हणाला. तेही मी त्याला तुझ्या बापासमोर म्हणायला लावलं. मग त्याने मला बळेच कॉम्प्युटरपुढे बसवलं. समोर नुसतं नाक. वेग वाढला, शेपटी आपसूक उचलली गेली आणि ती पांढरी रेघ आली समोर! घोडीशिवाय! मास्तर ओरडत होता की रेघ काय बघतोस, दांडा ओढ. ओढला. खारू, मी उडालो.

उतरताना तीनदा उसळलो. मास्तर म्हणाला, डावं चाक गेलं. तुझा बाप म्हणतो, खेळातलं चाक मोडत नसतं. त्याला काय कळतंय! झोप लागत नाही. लोभ आहेच, पण आधी उलट टपालाने चाकाचं कळव.

तुझे
आजोबा